माधवमामांची गाडी अन् तिचा उपाशी मेंदू

गॅरेजात किस्से गोळा करावे लागत न्हाईत राव, नट-बोल्टसारखे आपोआप साठतात! मी इथं बॅटऱ्या बघतो, शफीभाई डेंटिंग करतात, अन् वायरिंगला आमची वैशालीताई. अख्ख्या परभणीत तिच्यासारखं वायरिंग कुणाला जमत न्हाई. हे तीच सांगते. रोज! अन् खरंय ते.

*

एकदा मी मिरवत नवा मीटर लावला. "बघ ताई, बारा व्होल्ट फुल्ल!"

ताईनं त्याच वायरला टेस्ट लॅम्प लावला. बल्ब नुसता मिणमिणला! वायर आतून सडलेली.

"मीटरला नुसतं बघायचं असतंय," ताई म्हणाली. "बल्बाला जेवायचं असतंय!"

*

नागपंचमीच्या आदल्या दिवशी पोखर्णीचे माधवमामा आले. कार ट्रॅक्टरला बांधून! दुसऱ्या गॅरेजवाल्यानं सांगितलेलं, "ईसीयू गेला." म्हंजे गाडीचा मेंदूच की!

मामा रडकुंडीला. लेकीची लग्नानंतरची पहिली पंचमी, अन् आज दिवस मावळायच्या आत तिला गंगाखेडहून आणायचं. "गावभर सांगून बसलोय ताई, लेक आपल्या गाडीतून येणार म्हणून!"

ताईनं लॅम्प लावून बघितला. "मामा, मेंदू मेला न्हाई. उपाशी हाय. त्याला करंटच जायला न्हाई!"

*

ताईनं फ्यूजचा डबा उघडला. फ्यूजच्या जागी ही जाडजूड तांब्याची तार!

"कुणी केलं हे?"

"मीच की!" मामा ऐटीत. "फ्यूज सारखा उडायला होता. शेतातल्या मोटारीला आमी हेच करतो!"

शफीभाईंनी कपाळाला हात लावला. "मामा, फ्यूज मरायसाठीच असतो. तुमी त्याला अमर केलं, अन् वायर जळाली ना!"

*

वायर जिथं घासून उघडी पडलेली अन् फ्यूज उडवत होती, ती जागा ताईनं शोधली. मग नवी वायरिंग. एक वायर थेट बॅटरीवरून, एक चावीवरून, मधी रिले, म्हंजे चावी फिरवली की आपोआप करंट सोडणारा स्विच. फ्यूज दोन्हीला, बरं का! शेवटी ती बॉडीचा रंग खरवडायला लागली.

"अवो, कलर!" मामा किंचाळले.

"अर्थिंगच्या वायरला उघडा पत्रा नको का? लेक आणायची तशी परत सासरी धाडायची बी असती ना? करंटला बी परतीची वाट लागती मामा!"

*

चावी फिरवली. इंजिनची पिवळी लाइट पेटली.

"झालं! पुन्हा बिघाड!" मामा खालीच बसले.

"अवो, इतका वेळ ती पेटतच नव्हती!" ताई टाळ्या पिटत होती. "मेंदू जागा झाला!"

स्टार्टर मारला, गाडी सुरू! मामा थेट गंगाखेडला सुटले.

*

संध्याकाळी मामांचा फोन. ताईनं स्पीकरवर टाकला. मागं इंजिनचा आवाज.

"ताई, लेकीच्या दारात हाव. गाडी बंद करू का?"

"म्हंजे अजून बंदच केली न्हाई?"

"भ्या वाटायलंय ना! परत सुरू न्हाई झाली तर? व्याही आत बोलवायलेत. म्हणलं, बसतो हितंच."

"करा बंद. माझी वायरिंग हाय!"

आवाज थांबला. शफीभाईंनी हातोडा खाली ठेवला. ताई फोनवर वाकली!

फोनमधून चावीची खट्ट. अन् घुर्रर्र!

पाठोपाठ एका पोरीचा आवाज, "बाबा, आता तरी उतरा! सगळं घर चहा घेऊन दारात उभं हाय!"