ताण्याखाली बसणारा कुत्रा

आमचा कुत्रा कधी कोणाले चावला नाही! हे आधीच सांगून टाकते, कारण मी सातवीत होती तेव्हा हेच सांगून सांगून आमचं सारं घर थकलं होतं.

भंडाऱ्यात आमची विणकरायची गल्ली, पॉवरलूम अजून आले नव्हते. सकाळी बाबा अन् काका लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, गल्लीभर ताणत अन् कुंच्यानं त्याले तांदळाची खळ लावत. त्या वासानं बकऱ्या चाटाले येत, म्हणून कुत्रा ताण्याखाली बसून राहे. गल्ली इतकी अरुंद, का एका सकाळी एकाच घरचा ताणा मावे. समोरचे पण विणकरच. आमची पाळी आली का त्यायचं डोकं फिरे. बाबाशी भांडून जमलं नाही, तर ते कुत्र्याच्या मागं लागले.

त्यायचे दोन पोट्टे दारात बसून घासलेटचा रिकामा डबा बडवत, खडे मारत. कुत्रा भुंकला का बाप ओरडे, "पागल झाला रे! नगरपालिकेले सांगतो, गोळीच घालतीन!"

घालतही होते तेव्हा. एकदा चावला असता तर संपलंच होतं.

आई हात जोडून जाये. "भाऊजी, पोट्ट्यायले सांगा ना जरा."

"लेकरं हायेत वहिनी, खेळतीनच. कुत्रा काहून भुंकते? त्याले सांगा ना!"

आई परत येऊन चुलीपाशी बसे.

शेवटी काका म्हणे, "बांधून टाकू." अन् बांधला कुठी? ताण्याच्याच खुंट्याले! गल्लीत त्याहून पक्का खुंटा नव्हता, कुत्र्याची रोजची जागाही तीच. कोणाच्याच डोक्यात आलं नाही. डबा वाजला, एक खडा कुत्र्याच्या नाकावर बसला, अन् त्यानं अशी झेप घेतली का खुंटा उपटला, आख्खा ओला ताणा धुळीत!

वाळायच्या आत धागे सोडवले नाही तर चिकटतात, ताणा वाया जाते. म्हणून आमच्या गल्लीत कोणाचाही ताणा पडला का दिसंन तो धावे, भांडण असो का नसो. मी पाहूनच राहिली. समोरचा उठला, धोतर खोचलं, दुसरं टोक उचललं. बाबाकडे पाहिलं नाही. त्याची बायको पण आली. दुपारपर्यंत सारे धागा धागा सोडवून राहिले होते. मले वाटलं, चला, मिटलं!

हात धुऊन तो बाबाले म्हणे, "उद्या कुत्रा गल्लीत दिसला, तर मी नगरपालिकेत जातो."

बाबा भांडले नाही. बोटं सुजली होती त्यायची. "बरं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी कुत्रा आतल्या खोलीत, बाहेरून कडी. बकऱ्या हाकलाले मी. आतून तो दार खरवडे, रडल्यासारखा आवाज काढे, अन् समोरचे पोट्टे दात काढत.

"आई, हरलो ना आपण?" मी विचारलं.

"हरलो तं हरलो," आई म्हणे. "जिता हाय ना थो?"

अन् भात कालवून, कडी काढून, ती आत गेली त्याच्यापाशी.