वसंताचा पॉवर सप्लाय

सांगलीत आम्ही दोघांनी घरी कॉम्प्युटर जुळवला, ही गोष्ट मी बऱ्याच सभांत सांगितली आहे. दर वेळी एका ठिकाणी आलो की थांबायचो आणि टाळ्या घ्यायचो. पुढचं सांगायचं टाळलं. आता ते लिहून टाकतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. वसंता विट्याचा. सांगलीत एक खोली घेऊन तो रेडिओ दुरुस्त करायचा. विट्याच्या पुष्कळ घरांसारखा त्याच्या घरचाही धंदा गलाईचा, म्हणजे सोनारांकडचं मिसळीचं सोनं गाळून शुद्ध करण्याचा. मामांचं दुकान मदुराईला होतं आणि त्यांना तिथे भाचा हवा होता. वसंताला सांगली सोडायची नव्हती.

"मामास्नी सांगितलंय," तो म्हणाला, "मशीन चालवून दावतो. चाललं तर हितंच ऱ्हाणार, न्हाई चाललं तर मुकाट्यानं मदुराई."

"आणि पार्ट कुठून आणायचे?"

"भट्टीतनं."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण तसं नव्हतं. मोठ्या शहरांतले गलाईवाले भंगारातली इलेक्ट्रॉनिक बोर्डं विकत घेत. चिपच्या पायांना सोन्याचा मुलामा असतो, तो उतरवायला. वसंताने नात्यागोत्यात सगळ्यांना निरोप धाडला होता: वितळवायच्या आधी चिपा काढून ठेवा. सणाला, लग्नाला जो विट्याला येईल त्याच्या पिशवीत आमच्यासाठी एक पुडी असायची. हैदराबादच्या पुडीत मेमरी निघाली, कलकत्त्याच्या पुडीत प्रोसेसर. प्रोसेसर म्हणजे मशीनचा हिशेब करणारा भाग. तो पुडीतून निघाला त्या दिवशी वसंता सायकल न घेता पळतच माझ्या घरी आला होता.

"गड्या, ह्यो बघ. चुलता ह्याला मुशीत टाकणार हुता."

एकमेकांना चालतील असे पार्ट निवडणं हेच खरं काम होतं. मेमरी दोन प्रकारची लागते. एक वीज गेली की सगळं विसरते. दुसरी कायम लक्षात ठेवते, प्रोग्राम तिच्यात. आमच्याकडे आलेली कायमची मेमरी जुन्या पद्धतीची होती. तिला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागत: अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच. वसंताने जळक्या स्टॅबिलायझरच्या पट्ट्या काढून स्वतः ट्रान्सफॉर्मर गुंडाळला आणि हे तिन्ही व्होल्टेज देणारा पॉवर सप्लाय जुळवला. पुण्यातल्या एका ओळखीच्याकडून मेमरीत प्रोग्राम भरून आणला. दागिन्याचं वजन आणि कस, म्हणजे शंभरात सोनं किती, हे दाबलं की शुद्ध सोनं किती निघेल ते लाल आकड्यांत दिसणार होतं.

एका रविवारी सकाळी बटण दाबलं. दहा ग्रॅम, कस ऐंशी. आठ उमटले. आम्ही वेड्यासारखे आकडे दाबत सुटलो. वसंताची बायको भाकरी थापता थापता उठून आली.

"एवढ्यासाठी महिनाभर जेवायला उशीर? आमचं सासरं तोंडी सांगत्यात की."

"तोंडी सांगत्यात, पर दिवा लागतो का त्यांच्या तोंडात?" वसंता म्हणाला. तीही हसली.

मामा मशीन बघायला यायच्या आदल्या दिवशी मुंबईहून माझी नवी मेमरी आली. तिच्यात मी सुधारलेला प्रोग्राम भरून मागवला होता. तो गाळताना होणारी घटही दाखवणार होता. नंबर जुन्या मेमरीचाच, कंपनी दुसरी. मी व्हॉल्व्हच्या रेडिओवर शिकलेला माणूस. रेडिओत नंबर जुळला की व्हॉल्व्ह कुठल्याही कंपनीचा असो, त्याच सॉकेटमध्ये चालायचा. दुसऱ्या दिवशी वसंता मामांना आणायला एसटी स्टँडवर गेला. त्याला चकित करावं म्हणून मी नवी मेमरी बसवली आणि बटण दाबलं.

आकडे एकदा भगभगले आणि गेले. करपल्याचा वास आला. नव्या मेमरीला फक्त पाच व्होल्ट लागत होते. जुनीला जिथे बारा लागत, तो पाय हिच्यात भलत्याच कामाचा होता. सोबत आलेला डेटाशीट, म्हणजे कुठल्या पायाला काय लागतं ते सांगणारा कागद, मी उघडलाही नव्हता. घाईने जुनी मेमरी परत बसवली, पण उपयोग नव्हता. नवी जाता जाता प्रोसेसरलाही घेऊन गेली होती.

दारात चपला वाजल्या. मी जळकी चिप शर्टाच्या खिशात टाकली.

"दाव बाबा तुझं यंत्र," मामा घोंगडीवर बसत म्हणाले.

वसंताने बटण दाबलं. परत दाबलं. मीटर लावला, वायरी हलवल्या. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "सप्लायच चढला असंल. ट्रान्सफॉर्मर माझ्या हातचा. व्हय ना?"

मी म्हणालो, "असेल."

मामा ओरडले नाहीत. चहा घेतला, भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लय केलंस. आता दुकानावर माणूस पायजे." वसंता त्याच आठवड्यात गेला. जाताना सगळे पार्ट मला देऊन गेला.

पुढे नवा प्रोसेसर मिळाला आणि मशीन त्याच सप्लायवर चाललं. एक वायरही बदलावी लागली नाही. कारखान्याच्या चीफ इंजिनिअरनी ते पाहिलं, मला वजनकाट्याच्या इलेक्ट्रॉनिक्सवर घेतलं आणि माझी सगळी नोकरी त्यावर उभी राहिली. हाताखालच्या पोरांना मी एकच शिकवत आलो: नंबर जुळला म्हणून चिप बसवू नका, कुठल्या पायावर काय ते आधी वाचा. कुठे शिकलात, असं कुणी विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी विट्यात एका लग्नात वसंता भेटला. केस पिकलेले, बोलणं तेच. मला हाताला धरून त्याने व्याह्यांपुढे नेलं. "ह्यांनी कॉम्प्युटर केलता, आवं, तवा सांगलीत कुणी नाव ऐकलं नव्हतं. माझा सप्लाय नडला, न्हाईतर आमी बी आज..." सगळे हसले. तोही हसला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात पंगतीला बोलावणं आलं. शेजारी शेजारी बसून जेवलो. तो वाढप्यांना थांबवून आग्रहाने माझ्या पानात वाढायला लावत होता.

गेल्या वर्षी तो मदुराईतच वारला. त्याच्या मुलाचा फोन आला, तेव्हाही मी फक्त "फार वाईट झालं" एवढंच म्हणालो.

वसंता, सप्लाय बरोबर होता.