डाव्या मुठीचा पंचनामा

सर्वप्रथम नमूद करतो की भूतखेत, करणी, चकवा यांवर माझा कधीही विश्वास नव्हता. तहसील कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिणे हा माझा बावीस वर्षांचा व्यवसाय. शिक्षण नववीपर्यंत, परंतु माझा अर्ज भाषेच्या कारणावरून परत आल्याचे स्मरत नाही. 'विहिरीत बाई दिसते' अशी तक्रार घेऊन लोक येतात, तेव्हा मी आधी विचारतो — विहिरीच्या हद्दीवरून भांडण कुणाशी आहे? बाई बहुधा तिथेच सापडते. प्रत्येक अघटितामागे एक माणूस असतो आणि तो सहसा घरचाच असतो, अशा समजुतीने मी आजवर जगत आलो...

घटना जर्मनीतील रेगेन्सबर्ग या गावची, गेल्या थंडीच्या तोंडावरची. माझी कन्या मंजिरी तेथे राहते. तिला सातवा महिना लागला होता. पत्नीच्या व्हिसाचे कागद अडकल्याने मी एकटाच पुढे गेलो. जावई निखिलराव मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. फ्लॅट चौथ्या मजल्यावर आणि इमारतीच्या पोटात टीफगाराजे, म्हणजे तळघरातले पार्किंग. तेथे त्यांची जुनी, दुसऱ्याकडून विकत घेतलेली मोटरसायकल उभी असे.

उन्हाळ्यात निखिलराव या गाडीवरून घसरले होते, खांद्याचे हाड मोडले होते. तेव्हा मंजिरीने त्यांच्याकडून वचन घेतले — बाळ येईपर्यंत गाडी चालवायची नाही. वचन मोडल्यास ती माहेरी, फलटणला निघून येणार आणि बाळंतपण तिकडेच होणार. ती बोलते ते करते. हा स्वभाव तिला कुणाकडून आला, हे सांगण्याची गरज नाही.

"चालवायची नाही ना? मग सजवू तरी दे," असे म्हणून निखिलरावांनी गाडीला लावायचे सामान मागवले. मोबाईल चार्ज करायचे सॉकेट आणि थंडीत हात शेकणाऱ्या, विजेवर गरम होणाऱ्या दोन मुठी. शनिवारी सकाळी ते जोडणी करत होते आणि मी टॉर्च धरून उभा होतो.

"बाबा, हे थेट बॅटरीला जोडलं ना, तर किल्ली काढल्यावरही करंट चालूच राहतो. दोन दिवसांत बॅटरी डाऊन. म्हणून मधे हा रिले."

"म्हणजे शिपाई," मी म्हणालो. "साहेब खुर्चीत असेल तरच माणसाला आत सोडणार."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" निखिलराव खूश झाले. "किल्ली म्हणजे साहेब. आणि हा फ्यूज. गडबड झाली तर हा आधी मरणार, गाडी नाही."

"म्हणजे तलाठी."

त्यावर ते इतके हसले की हातातला पाना खाली पडला. किल्ली फिरवताच दोन्ही मुठी गरम झाल्या, बंद करताच थोड्या वेळात गार पडल्या. हे मी स्वतः हात लावून पाहिले आहे.

सोमवारी सायंकाळी मी रद्दी टाकायला खाली गेलो. निखिलराव नुकतेच वर आले होते. गाडीजवळून जाताना सहज मुठीवर हात ठेवला... आणि तसाच राहिलो. डावी मूठ गरम होती. चटका बसण्यासारखी नव्हे, कुणी आत्ताच हात काढून घ्यावा इतपत. उजवी मात्र बर्फासारखी गार.

मंगळवारी दुपारी दोन्ही गार. सायंकाळी डावी गरम. बुधवारीही तेच.

आता पाहा, निखिलराव बसने जा-ये करीत. त्यांची बस पाचला येते, हे मी खिडकीतून रोज पाहत होतो. बसमधून उतरून ते इमारतीत शिरत, परंतु घराची बेल वाजे सव्वापाचनंतर. लिफ्टला चार मजले चढायला पंधरा मिनिटे लागत नाहीत. मधल्या वेळात माणूस गाडीवरून एक चक्कर सहज मारून येतो. किलोमीटरचा आकडा मात्र तिन्ही दिवस तोच होता, मी कागदावर टिपून ठेवला होता. पण इंजिनिअर माणसाला मीटरची केबल सोडवणे काय अवघड? इंजिनही गार लागले. तेही मी माझ्याच मनाने निकालात काढले — तळघरातली थंडी!

आमच्याकडे सासऱ्याने जावयाला जाब विचारायची रीत नाही. मी माझ्या पद्धतीने गेलो. दिनांक, वेळ, मुठीची अवस्था, बसची वेळ, सर्व मुद्देसूद लिहून दीड पानाचे निवेदन तयार केले आणि गुरुवारी जेवताना मंजिरीच्या ताटाखाली सरकवले. वाटले, ती एकांतात वाचेल. तिने तिथल्या तिथे मोठ्याने वाचले.

"'सबब, सदर इसम आपणांस फसवीत असल्याचा दाट संशय आहे'... बाबा, सदर इसम म्हणजे निखिल?"

निखिलरावांचा घास हातातच राहिला.

"मग?" मंजिरी त्यांच्याकडे वळली. "पंधरा मिनिटं कुठे असतोस रोज?"

"खाली. गाडीवर बसतो जरा. ऑफिसचं डोकं घरात आणायचं नाही म्हणून. बास."

"नुसता बसतोस?"

"आल्झो... म्हणजे, हो! नुसता. किल्ली तर वर खुंटीला असते, मंजू."

"दुसरी किल्ली करून घेता येते," मी म्हणालो. हे मी बोललो, हे मान्य करतो.

मंजिरी उठली आणि आतल्या खोलीत गेली. कपाटातून बॅग काढल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला. निखिलरावांनी ताट बाजूला सारले आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही पंचनामे लिहिता ना? माझा करा. रविवारी."

रविवारी दुपारी बारा वाजता आम्ही तिघे खाली गेलो. निखिलरावांनी आधी काळी, मग लाल वायर सोडवली आणि बॅटरीच बाहेर काढली. मी सीटच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवली, दोन्ही मुठी गार असल्याची खात्री करून त्यांभोवती पट्ट्या गुंडाळल्या, आणि प्रत्येक पट्टीवर कडेपार जातील अशा तिघांच्या सह्या घेतल्या. बॅटरी वर आणून स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर ठेवली. किल्ली मंजिरीच्या पर्समध्ये. त्यानंतर चार वाजेपर्यंत कुणीही घराबाहेर गेले नाही. निखिलरावांनी चहा केला. तयार बॅग दाराशी उभी होती.

खरे सांगतो, निकाल मी मनाशी लिहून ठेवला होता. बॅटरी नाही म्हणजे मूठ गार निघणार. गार निघाली म्हणजे ती आठवडाभर गाडी चालू केल्यामुळेच गरम होत होती. प्रकरण सिद्ध.

चार वाजता खाली गेलो. सीटवरची पट्टी शाबूत. मुठींवरच्या पट्ट्या शाबूत, सह्यांची एक रेघही हललेली नाही. मी उजव्या मुठीवर हात ठेवला — गार. डावीवर ठेवला...

माझा चेहरा पाहून मंजिरीने मला बाजूला केले आणि स्वतः हात ठेवला. लगेच काढून घेतला. पुन्हा ठेवला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हे विजेचं गरम नाहीये. माणसाच्या हातासारखं आहे."

निखिलरावांनी सीट उघडून दाखवली. बॅटरीची जागा रिकामी, दोन वायरी सुट्या लोंबकळत होत्या. गाडीच्या मूळ मालकालाही त्यांनी तिथूनच फोन लावला. वाचक म्हणतील, तो वारलेला असणार. अजिबात नाही, गृहस्थ ठणठणीत आहेत. पाय साथ देईनासे झाले म्हणून गाडी विकली, एवढेच. मुठीबद्दल ऐकून त्यांनी विचारले, वायरिंग तपासले का?

मंजिरीने निखिलरावांचा हात धरला. "सॉरी. मी उगीच... बॅग आत ठेवते."

"ठेव," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. "बाबा, एक विचारू? आज ही मूठ गार निघाली असती तर?"

मी पट्ट्या सोडवू लागलो. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी मुठी काढून टाकण्यात आल्या. जुन्या रबरी मुठी पुन्हा बसवल्यावर तसा प्रकार घडला नाही. त्या विजेच्या मुठी निखिलरावांनी खोलून तपासल्या, आत तारेखेरीज काही नव्हते. पुढे पत्नीचा व्हिसा झाला, बाळंतपण रेगेन्सबर्गलाच पार पडले, नात झाली. दर रविवारी फोन येतो. निखिलराव आदराने बोलतात, तब्येत विचारतात आणि फोन मंजिरीकडे देतात. पूर्वी थट्टा करीत, आता करीत नाहीत.

बॅटरीवाचून ती मूठ कशाने गरम झाली, याचे स्पष्टीकरण मजजवळ नाही. कुणा जाणकाराकडे असल्यास अवश्य कळवावे. निखिलरावांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला त्याच क्षणी ठाऊक होते. ते अजून मी त्यांना दिलेले नाही.