नावावरचा अंगठा

केसपेपर खिडकीतून आत सरकवताना ती नावावर अंगठा ठेवायची. मी कागद ओढला तरी अंगठा लगेच सुटायचा नाही. "धीरे बलाव हां, भाऊ," म्हणायची, म्हणजे नाव हळू पुकार.

जळगावच्या एका दवाखान्यात मी तेव्हा नवा कारकून होतो. केसपेपरची खिडकी आणि मागची रेकॉर्डची खोली माझ्याकडे. तुम्हीही अशा खिडकीसमोर बसला असाल. नाव पुकारलं की कोण उठतंय ते बघायला सगळा व्हरांडा मान वळवतो.

तिच्या कागदावर पुरुषाचं नाव होतं, पुढे 'पु.' आणि ती हिरव्या काठाचं पातळ नेसून बायकांच्या बाकाच्या टोकाला बसलेली. पहिल्या दिवशी मी तीनदा पुकारलं. कोणी उठलं नाही. खिडकी बंद करताना ती आली.

"ऐकू येत नाही का?"

"येतं ना भाऊ. म्हणून तर उठत नाही."

ती असोद्याकडची. बाजारच्या दिवशी तिकडची माणसं दवाखान्यातही यायची. त्यांतल्या कोणी ओळखलं तर तिचे भाऊ ती राहायची त्या पिंप्राळ्याच्या खोलीवर येतील, ही तिची धास्ती. एकदा आले होते, कात्री घेऊन. तेव्हापासून ती डोक्यावरचा पदर ढळू देत नसे.

गोधड्या शिवून पोट भरायची. "तुना अक्षरपेक्षा मना टाका सरळ शे," असं मला चिडवायची. स्वतःला वाचता येत नव्हतं, म्हणून दर वेळी विचारायची, "कागदवर बठ्ठं शे ना?"

नाव आणि लिंग बदलायचं तर प्रतिज्ञापत्र हवं, मोठ्या साहेबांची सही हवी. साहेबांपुढे उभं राहायचं, एवढं ऐकूनच तिला घाम फुटला. शेवटी एका दुपारी मी सोपी वाट काढली. नवा केसपेपर घेतला. नवा नंबर, तिनं सांगितलेलं नाव, 'स्त्री'. हळू वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. त्या कागदावर तिनं अंगठा ठेवला नाही.

"बठ्ठं शे ना?"

"सगळं आहे, अक्का."

जुना कागद मी गठ्ठ्यात बांधून टाकला.

महिन्याभरानं गोधडीची सुई रुतून तिचा पाय सुजला. नेमका बाजारचा दिवस. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहून दिलं. इंजेक्शनच्या खोलीकडे लंगडत जाताना ती खिडकीशी थांबली. "सुई देऊ राहिले, भाऊ. कागदवर शे ना?"

मी मान हलवली. ती पुढे गेली आणि मला जुन्या कागदाच्या कोपऱ्यातली लाल अक्षरं आठवली. पेनिसिलिन देऊ नये. पूर्वी एकदा त्या सुईनं तिचा श्वास कोंडला होता, मरता मरता वाचली होती. नव्या कागदावर ते उतरवायचं राहून गेलं होतं.

मी गठ्ठे उपसले. दोरीची गाठ सुटेना. दातांनी तोडली. कागद घेऊन धावलो तर दारात रांग. आत सिस्टरनं सुई भरलेली, तिनं बाही वर केलेली.

"थांबा" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण भीतीनं, हातातल्या कागदावर होतं तेच तोंडातून बाहेर पडलं. तिचं जुनं नाव, बापाच्या नावासकट. मी ओरडलो.

सिस्टरचा हात थांबला. सगळी रांग वळली. असोद्याकडचा एक म्हातारा पुढे होऊन म्हणाला, "अरे, हाऊ तर आपला..."

तिनं बाही खाली ओढली, पदर घट्ट धरला आणि भिंतीच्या आधारानं निघून गेली. माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी पिंप्राळ्याला गेलो. खोलीला कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी मी लाल अक्षरं नव्या कागदावर उतरवली आणि दोन्ही कागद दोऱ्यानं एकत्र शिवले. टाके वाकडेच आले. दर बाजाराला बायकांच्या बाकाच्या टोकाकडे बघत राहिलो.

थंडीत अमळनेरहून तिची एक मैत्रीण खिडकीशी आली. अक्का त्या दिवसापासून तिच्याकडेच राहायला होती. पाय सडत गेला आणि ती गेली, म्हणाली. दवाखान्यात चल म्हटलं की एकच उत्तर, "तिथं नाव पुकारतात." शेवटी भाऊ येऊन प्रेत घेऊन गेले. स्मशानात त्यांनी जुनंच नाव सांगितलं.

"तिच्या नावाचा कागद तुमच्याकडे शे, असं सांगायची. दाखवता का?"

मी शिवलेले कागद काढले. मैत्रिणीलाही वाचता येत नव्हतं. मी हळू वाचून दाखवलं. तिनंही पुन्हा वाचायला लावलं.

वाचताना माझ्या ध्यानात आलं, जुन्या कागदावरच्या नावावर मी अंगठा दाबून धरला होता.