युद्धमंत्री वेंकटराव

वेंकटराव मंत्री झाले ते एका सकाळपुरते. युद्धाच्या काळात देश चालवणाऱ्या एका पुढाऱ्याच्या आयुष्यावरचा चित्रपट करायला मंडळी तंजावूरला आली होती. त्यांना मंत्रिमंडळासाठी टक्कल पडलेले, गंभीर चेहऱ्याचे म्हातारे हवे होते. वेंकटरावांपाशी दोन्ही गोष्टी तयार होत्या.

मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. परंड्यात शिकलो, बँकेने इथे आणून टाकलं. माझ्या मराठीवर ते खूश नव्हते. "तुझी मराठी पुस्तकातली पा," असं शेवटी तमिळ 'पा' लावून म्हणायचे. "बरोबर आहे. पण आमची नव्हे."

त्यांची मराठी म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी इथे येऊन राहिलेली, तमिळ हेल लागलेली घरातली बोली. ती बोलायला घरात त्यांच्या पत्नी अंबाबाई होत्या. त्या गेल्या, आणि मुलगी नंदिता डब्लिनला. तिला लहानपणापासून सगळं समजतं, पण उत्तर तमिळमध्ये. दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा. वेंकटराव मराठीत विचारायचे, ती तमिळमध्ये सांगायची, मग इंग्रजीत "टेक केअर" म्हणून ठेवायची.

"एकदा तरी आपल्या बोलीत बोलूं दे तिला," ते मला म्हणाले होते. "नंतर हवं तर जन्मभर इंग्रजी."

चित्रीकरणाला मी रजा टाकून गेलो. लांब टेबल, खादीचे कोट, पंख्याखाली घामेजलेलं मंत्रिमंडळ. पुढारी युद्धाची घोषणा करणार आणि मंत्र्यांनी आपसांत कुजबुजायचं. "काहीही बोला," दिग्दर्शकाचा साहाय्यक म्हणाला, "आवाज ठेवणार नाही."

वेंकटरावांच्या शेजारचे मंत्री निवृत्त बस कंडक्टर. ते कपाळाला आठ्या घालून वेंकटरावांच्या कानात म्हणाले, "ओरत्तनाडु, ओरत्तनाडु, पट्टुकोट्टै." देशावर एवढं संकट, आणि संरक्षण खातं प्रवासी भरत होतं. वेंकटराव त्यांच्याकडे वळून हलकेच काही तरी बोलले. कंडक्टर गोंधळून थांबले. तेवढं दृश्य मंजूर झालं.

"काय बोललात?" मी परतताना रिक्षात विचारलं.

"काही नव्हे. घरातलं."

चित्रपट लागला त्या दिवशी ते इस्त्रीची वेष्टी, म्हणजे इथलं पांढरं धोतर, नेसून माझ्याआधी फाटकात उभे. थिएटरात पुढाऱ्याला टाळ्या, शिट्ट्या. मंत्रिमंडळाच्या दृश्यात ढोल असे बडवले की युद्ध तिथेच संपावं. पुढाऱ्याच्या खांद्यामागे वेंकटराव दिसले, ओठ हलले, गेले.

"मी होतों का?" त्यांनी विचारलं. नेमके तेव्हाच ते चष्मा पुसत होते.

"होतात की. झकास दिसलात!"

"नंदिताच्या गावींही लागलंय म्हणे," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी दुपारी मी पाण्याची मोटर लावायला खाली आलो, तर फोन स्पीकरवर होता. ऐकू कमी येतं म्हणून त्यांचं सगळं खाजगी आयुष्य गल्लीला ऐकू जातं.

"अप्पा," नंदिता म्हणाली, आणि अडखळत, शब्द शोधत मराठीत आली. "पिक्चर बघितली. तिथे आवाज नाही. पण मला कळलं. तुम्ही म्हणालांत, अगो, जेवलीस?"

वेंकटरावांनी स्पीकरवरचा फोन उचलून कानाशी नेला.

"रोज दारांतून अम्माला तसंच विचारत होतां. तोंड तसंच झालं."

मी मोटरच्या बटणावर हात ठेवून तसाच. अख्खं दृश्य डोळ्यांपुढे पाहूनही मला कळलं नव्हतं ते हे. पुस्तकी मराठीचा काय उपयोग, सांगा.

"आता मी विचारतें," ती म्हणाली. "जेवलांत, अप्पा?"

किती वर्षं वाट पाहिली त्या माणसाने. आणि तोंडातून निघालं काय? "येस मा. फिनिश्ड."

ती हसली बहुधा. "ओके अप्पा. टेक केअर."

फोन बंद झाला. वेंकटरावांनी मोबाइल कानाशीच धरला होता. मग त्या बंद फोनला ते हळू म्हणाले, "जेवलों नाही गो अजून. तूं जेवलीस?"

मी मोटर चालू केली. आवाज झाला तशी त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहून पुढाऱ्यांना शोभेल असा गंभीर चेहरा केला.

"पुढच्या रविवारीं," ते म्हणाले, "मला आठवण कर. उत्तर मराठींत द्यायचं."

आणि आत जाऊन त्यांनी एकट्याचं ताट मांडलं.