प्रमोदिनीबाईंच्या दोन प्लेटा

प्रमोदिनी साठे लग्न करून पुण्याहून नॉटिंगहॅमला आल्या आणि तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये पंचवीस वर्षं एक्स-रे काढत राहिल्या. बोलायच्या कमी, पण प्लेट अशी स्वच्छ काढायच्या, की डॉक्टर दुसरी मागत नसत.

१९८७च्या मार्चमध्ये म्युझियमचे मिस्टर हॅलम लंच-अवरला एक डबा घेऊन आले. ट्रेंट नदीकाठी खणताना घट्ट गाळाचा वीतभर गोळा निघाला होता. आत काहीतरी धातूचं होतं, आणि फोडण्याआधी त्यांना ते बघायचं होतं.

प्लेट धुऊन आली. मधोमध शिशाचा पांढराफेक बिल्ला, त्यावर कँटरबरीच्या संत थॉमसचा चेहरा.

"मध्ययुगात यात्रेकरू असे बिल्ले तिथून आणायचे," हॅलम खुशीत म्हणाले. "आजाऱ्याच्या हातात द्यायचे, संताने बरं करावं म्हणून."

बाई बिल्ल्याकडे पाहत नव्हत्या. त्याच्याभोवती फिकट हाडं होती. मिटलेली पाच बोटं, खाली मनगट. हॅलमना त्या गाळातल्या भेगा वाटल्या.

बाईंनी फिल्मची कॅसेट बदलली आणि दुसरी प्लेट काढली. गोळ्याला कोणी हात लावला नव्हता. तरी या प्लेटवर अंगठा उघडलेला होता.

त्यांचे यजमान गिरीश तिथेच हाडांचे डॉक्टर. संध्याकाळी लाइटबॉक्सवर त्यांना पहिली प्लेट दिसली.

"सहा-सात वर्षांचं मूल. मुडदूस झालाय, मनगट बघ. कुठल्या वॉर्डात आहे?"

"वॉर्डात नाही," बाई म्हणाल्या. "अहो, हे मातीत आहे."

दुसऱ्या दिवशी हॅलमनी गोळा फोडला. बिल्ला अख्खा निघाला. हाड एकही नव्हतं.

"गाळ कुठे आहे?" बाईंनी फोनवर विचारलं.

"बादलीत. का?"

"टाकू नका."

प्लेटांच्या लिफाफ्यावर त्यांनी वय लिहिलं, सात. नावाची जागा कोरी ठेवली. शनिवारी म्युझियममधून बादली घेऊन गिरीशनी त्यांना नदीवर नेलं. बाई काठावर वाकून गाळ हळूहळू पाण्यात सोडत होत्या. बादलीच्या तळाशी चिकटलेला त्यांनी हाताने काढला आणि त्या थांबल्या.

"हात लावून बघा."

वारा बर्फासारखा होता, पण गाळ कोमट होता. गिरीशनी सवयीने नाडी बघावी तशी त्यावर दोन बोटं टेकवली.

"आहे का काही?" बाईंनी विचारलं.

"थांब," ते म्हणाले.

बऱ्याच वेळाने त्यांनी तो गाळ बाईंच्या ओंजळीतून स्वतःच्या हातात घेतला आणि पाण्यात सोडला.