शालिनीच्या बाळंतपणासाठी नर्सिंग होम शोधताना

"क्षय नाही," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या आईने हात जोडले. आमच्या लालबागच्या चाळीत क्षयाची भीती सगळ्यांत मोठी. शालिनीला खोकल्यातून रक्त पडल्यापासून शेजारीपाजारी आमच्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले होते.

पण डॉक्टरांचं बोलणं संपलं नव्हतं. स्टेथोस्कोप गळ्यात टाकून ते म्हणाले, "हिला मायट्रल स्टेनोसिस आहे. म्हणजे हृदयातली एक झडप आखडली आहे. दार नीट उघडत नाही, म्हणून रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं. तिकडूनच हे रक्त येतंय, आणि दमही त्यामुळेच लागतोय."

शालिनी माझी भावजय, बावीस वर्षांची. तिला चौथा महिना लागला होता.

लहानपणी गावी, मालवणकडे, तिचे गुडघे-घोटे सुजून ताप यायचा. तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, ऱ्हुमॅटिक फीवर नावाचा तो ताप सांध्यांना चाटून जातो आणि हृदयाला चावतो. तिचे गाल नेहमी गुलाबी असत. लग्नात आईने सगळ्यांना कौतुकाने ते दाखवले होते. ती लालीसुद्धा त्या आजाराचीच खूण होती.

"घरी बाळंतपण करू नका," डॉक्टरांनी बजावलं. "चांगलं नर्सिंग होम बघा. पण नीट बघा. ऑक्सिजन हवा, हृदयाचे डॉक्टर वेळेला येतील अशी सोय हवी. पाटी बघून ठरवू नका."

माझा भाऊ वसंता तेव्हा तुरुंगात होता. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा तो, पण संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पहिल्या तुकडीत गेला आणि शिक्षा घेऊन बसला. घरात आई, शालिनी आणि मी. मी प्रभादेवीच्या शाळेत शिकवत होते. तेव्हा नर्सिंग होम बघायचं काम माझ्याकडेच आलं.

पहिलं पाहिलं ते गिरगावातलं. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी फार शिफारस केली होती. खरोखरच सुरेख जागा. खिडक्यांना स्वच्छ पडदे, प्रत्येक खाटेशेजारी फुलदाणी, डॉक्टर हसतमुख. त्यांनी मला बसवून चहा दिला. मी झडपेचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अहो, गरोदर बाईला दम लागायचाच. उगाच मनाला लावून घेऊ नका."

"ऑक्सिजन असतो ना आपल्याकडे?"

"तशी वेळच येणार नाही, बाई."

त्यांच्या त्या बोलण्याने मला इतकं बरं वाटलं की जागा ठरवूनच टाकावी असं मनात आलं. मग जिना उतरायला लागले. अरुंद, उभा, वळणावळणाचा जिना. शालिनी हा चढणार कशी? अडचण आली तर तिला खाली आणणार कशी? रस्त्यावर आले तेव्हा कळलं की मला धीर तेवढा मिळाला होता, उत्तर एकाही प्रश्नाचं मिळालं नव्हतं.

दुसरं दादरला. इथे सगळं तळमजल्यावर आणि एकदम शिस्तीत. मेट्रन कडक, परीटघडीचे कपडे, बोलणं मोजकं. ऑक्सिजनचा सिलिंडर कोपऱ्यात उभाच होता. मला हायसं वाटलं. केवळ माहिती म्हणून मी विचारलं, "हा सुरू कसा करतात?"

मेट्रनने नर्सला सिलिंडर उघडायची किल्ली आणायला सांगितलं. नर्सने एक खण पाहिला, दुसरा पाहिला, आयाला विचारलं. आया म्हणाली, मागे कधीतरी पाहिली होती. मेट्रनचा चेहरा उतरला. "सापडेल हो, इथेच असते," ती म्हणाली. मी नमस्कार करून निघाले. रागावले नव्हते. त्या बाईंनाही ते त्याच वेळी कळलं होतं.

तिसरं परळचं. ते बघायला जाताना माझी फारशी आशा नव्हती. जुन्या बैठ्या बंगल्यात मोजक्याच खाटा, भिंतीचा रंग पोपडे धरलेला, फिनेलचा वास. चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, नऊवारी नेसलेल्या, पदर खोचलेला. मी बोलायला सुरुवात करताच त्यांनी हात वर केला.

"तुम्ही सांगून मला काय कळणार? पेशंटला घेऊन या."

दुसऱ्या दिवशी आईला बरोबर घेऊन मी शालिनीला तिथे नेलं. बाईंनी तिला डाव्या कुशीवर निजवलं आणि छातीला स्टेथोस्कोप लावून डोळे मिटले. इतका वेळ ऐकत राहिल्या की मला वाटलं, त्या आम्हाला विसरल्या. मग त्यांनी नळ्या माझ्या कानात घातल्या.

"ऐका. घरातल्या माणसाला माहीत पाहिजे."

आधी मला माझ्याच कानातली सळसळ ऐकू आली. मग ठोका. आणि ठोक्यामागून दूर कुठेतरी जातं फिरावं तशी खोल घरघर. ही मुलगी आमच्यासाठी भाकऱ्या थापत होती, पाण्याच्या कळशा भरत होती, आणि आत हे चाललं होतं!

"आपल्याकडे बाळंतपण होईल ना?" मी विचारलं.

"आज हो म्हटलं तर ती माझी चूक होईल," बाई म्हणाल्या. "पोट वाढेल तसं रक्त वाढतं. हे दार इतकं अरुंद आहे की ती दिवस भरेपर्यंत तग धरणार नाही. आधी झडप मोकळी करायला हवी. ते माझ्या हातचं नाही, माझ्या या जागेतही होण्यासारखं नाही. आता मुंबईत ते ऑपरेशन होतं. चला, मी येते तुमच्याबरोबर."

आणि त्या खरंच आल्या. जवळच्या मोठ्या इस्पितळात, सर्जनांच्या खोलीबाहेर बाकावर आमच्याशेजारी बसून राहिल्या.

सर्जन तरुण होते, बोलणं सौम्य. एक्सरे आणि ईसीजी झाला. ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेचा कागदावर उमटणारा आलेख. ते म्हणाले, "धोका दोघांनाही आहे. आईला आणि बाळालाही. पण काही न करण्यात त्याहून जास्त आहे."

मी आईकडे पाहिलं. वसंताला विचारायला वेळ नव्हता. आई पदराचं टोक पिळत होती. "माका काय कळणा नाय," ती म्हणाली. "तिचो जीव वाचूक व्हयो, बाकी काय नको."

तेव्हा शालिनीच बोलली. आमच्या घरात ती वर मान करून कधी बोलली नव्हती. "वन्सं, हृदय माझं आहे ना? मग मी सांगते." ती सर्जनांकडे वळली. "करा तुम्ही."

रक्त हवं होतं. मी चाळीत सांगितलं. ज्या घरांतल्या बायांनी महिनाभर आमच्या दारावरून जाताना तोंडाला पदर लावला होता, त्याच घरांतले पुरुष पहिल्या पाळीतून सुटल्यावर केसांत कापसाचे तंतू तसेच घेऊन इस्पितळात आले. एकाने मला विचारलं, "ताई, आमचं रक्त तिला चालेल ना?" मी त्याला आत घेऊन गेले.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही बाहेर व्हरांड्यात बसलो. अशा बाकावर तुम्हीही कधी बसाल, म्हणून सांगते: तिथे वेळ जात नाही आणि देवही आठवत नाही. मी समोरच्या भिंतीवरचे डाग पाहत होते. आई शालिनीच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती.

दार उघडलं. सर्जनांची टोपी घामाने भिजली होती. "झडप उघडली," ते म्हणाले. "दोन्ही ठोके ठीक आहेत. आईचा आणि बाळाचा."

मी शाळेतली बाई. तशा क्षणीसुद्धा मला विचारल्याशिवाय राहवलं नाही. "उघडली कशी, डॉक्टर?"

त्यांनी डाव्या हाताची मूठ केली. "हे हृदय समजा. ते चालूच असतं, थांबवता येत नाही. याच्या वरच्या बाजूला कानासारखा एक लहान भाग असतो, तिथे छोटी चीर देतो आणि बोट आत घालतो." उजव्या हाताची तर्जनी त्यांनी मुठीत सरकवली. "आत काही दिसत नाही. सगळं स्पर्शाने. झडपेच्या पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. बोटाला त्या लागतात. मग हळूच दाब द्यायचा. सुटतात."

"चालत्या हृदयात?"

"चालत्या हृदयात."

मी मुलांना हृदयाचं चित्र फळ्यावर काढून शिकवत असे. त्या चित्रात कुणी बोट घालू शकेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

शालिनी दोन दिवसांनी उशीला टेकून बसली. तिचे ओठ निळसर असायचे, ते आता साध्या माणसाच्या ओठांसारखे दिसत होते. आईने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "गालाची लाली गेली गो!" हे सांगताना ती हसत होती आणि रडतही होती.

पुढचे महिने शालिनी परळच्या डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली होती. मीठ बंद, दुपारी सक्तीची झोप, दर आठवड्याला तपासणी. आता मात्र बाई म्हणाल्या, "माझ्याकडे आणा. हे आता माझ्या हातचं आहे." वसंता मध्यंतरी सुटून आला. त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने कोपऱ्यातली कळशी उचलली आणि पाणी भरायला गेला.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी नेमका मोर्चा होता. सकाळची वेळ. आम्ही शालिनीला घोडागाडीत घातलं, पण लालबागच्या रस्त्यावर मुंगीला वाट नव्हती. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" अशी गर्जना उठत होती आणि घोडा बिचकत होता. वसंता खाली उतरून गर्दीत शिरला. "बाई बाळंतपणाला चालली आहे! हृदयाची पेशंट आहे!" तो ओरडला.

पुढच्या एका माणसाने हात वर केला. त्याच्या मागच्याने केला, त्याच्याही मागच्याने केला. घोषणा आमच्यापासून लांब लांब विझत गेली. इतकी माणसं आणि घोड्याच्या टापा ऐकू येत होत्या! लोक फुटपाथवर सरकले, आणि मधून गाडीपुरती वाट झाली. काही जणांनी टोप्या काढल्या होत्या. शालिनीने माझा हात घट्ट धरला होता. वळणापलीकडे गेलो, तेव्हा पाठीमागे पुन्हा गर्जना उठली.

बाईंनी खाट तयार ठेवली होती. ऑक्सिजन लावून, चालवून पाहिलेला. हृदयाचे डॉक्टर आधीच येऊन बसले होते. दुपारी मुलगी झाली. बारीक, पण आवाज असा की बाई म्हणाल्या, "हिला मोर्चात पुढे चालवा."

तुमच्यावर अशी वेळ आली तर जरूर चार ठिकाणं बघा. प्रश्न विचारायला लाजू नका. पण मला विचाराल तर, 'हे माझ्या हातचं नाही' असं जिथे स्पष्ट सांगतात, ते दार सोडू नका.

बारशानंतर आम्ही सर्जनांना पेढे द्यायला गेलो. वसंताने वाटेत काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. समोर गेल्यावर ते सगळं राहिलं. तो एवढंच म्हणाला, "डॉक्टर, कुठलं बोट?"

सर्जन गोंधळले. मग त्यांच्या लक्षात आलं. थोडंसं लाजून त्यांनी उजवा हात पुढे केला.

साध्या माणसाचं बोट होतं ते. नख कापलेलं, पेरावर शाईचा डाग. वसंताने ते दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाला लावलं. सर्जनांनी हात काढून घेतला नाही.